रोबोटनं जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन केलं, तर शरीरातला दाह खरंच कमी होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील एकसष्ट वर्षांचे, जठराच्या खालच्या भागात कॅन्सर, ‘फ्लॉट’ (चार औषधांच्या) केमोच्या चार सायकल पूर्ण झाल्यात आणि आता ऑपरेशन करायचंय. एका सर्जननी ओपन (पोट उघडून) सुचवलं, दुसऱ्यांनी रोबोटिक (छोट्या छिद्रांतून, सर्जननी चालवलेल्या यांत्रिक हातांनी). रोबोटिकचा खर्च दीड-दोन लाखांनी जास्त. दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं असं की रोबोटमुळे शरीरात दाह (इन्फ्लमेशन) कमी होतो, सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) कमी वाढतं, म्हणून माणूस लवकर उठतो आणि कॅन्सर परतण्याची शक्यताही कमी होते. हे कितपत खरं?

उत्तर आधी सांगतो, कारणं मग. ओपनच्या तुलनेत दाह कमी होतो, यात शंका नाही. पण त्यातला मोठा वाटा छोट्या छिद्रांचा आहे, रोबोटचा नाही. साध्या दुर्बिणीच्या (लॅप्रोस्कोपी) ऑपरेशनमध्येही हा फायदा मिळतो. दुर्बिणीपेक्षा रोबोटचा जो जास्तीचा फायदा दिसतो, तो बराचसा स्वादुपिंडाला कमी धक्का लागण्यातून आणि त्यामुळे गुंतागुंत टळण्यातून येतो. ‘कॅन्सर परतणार नाही’ हे मात्र आज कुणी ठामपणे सांगत असेल, तर ते पुराव्याच्या चार पावलं पुढचं बोलणं आहे.

आता जरा खोलात जाऊ, कारण पहिल्या आठवड्यात तुमच्या हातात जे रिपोर्ट पडणार आहेत, ते यावरच अवलंबून आहेत.

शरीराच्या दृष्टीनं ऑपरेशन म्हणजे इजाच. चाकू सर्जनचा आहे की अपघातातल्या पत्र्याचा, हे पेशींना कळत नाही. पेशी फुटतात, त्यांच्या आतले पदार्थ बाहेर सांडतात आणि आसपासच्या मॅक्रोफेज या संरक्षक पेशी ते ओळखून इंटरल्यूकिन-6, टीएनएफ असले संदेश रक्तात सोडतात. इंटरल्यूकिन-6 ऑपरेशन चालू असतानाच चढायला लागतं आणि साधारण पहिल्या दिवसातच शिखर गाठतं. ते यकृताला गाठतं आणि यकृत आपलं नेहमीचं काम बाजूला ठेवून सीआरपी, फायब्रिनोजेन असली प्रथिनं बनवायला घेतं. म्हणून सीआरपी उशिरा वाढतं: सहा ते बारा तासांनी सुरुवात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर आणि सगळं सुरळीत असेल तर चौथ्या दिवसापासून उतार. त्याचं रक्तातलं अर्धायुष्य सुमारे 19 तासांचं असतं. म्हणजे यकृतानं उत्पादन थांबवलं, तर आकडा दर दिवशी निम्म्याहून खाली यायला हवा. तो तसा येत नसेल, तर आत अजून काहीतरी धुमसतंय.

याच सुमारास कॉर्टिसॉल वाढतं, साखर वाढते, पांढऱ्या पेशींतल्या लिम्फोसाइट कमी होतात, न्यूट्रोफिल वाढतात, रक्तवाहिन्या थोड्या पाझरायला लागतात. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसननी 1930च्या दशकात हाडं मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन मोजून दाखवलं होतं, की मोठी इजा झाली की शरीर स्वतःचे स्नायू जाळायला लागतं. आज आपण जे मोजतो, ते त्याच गोष्टीचे बारीक तपशील आहेत.

इथे एक सूचना, कारण दर दुसऱ्या कुटुंबात हा घोळ होतो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) 3.6 वरून 2.7 वर आलेलं दिसतं आणि नातेवाईक विचारतात, ‘बाटली लावू का?’ दोन दिवसांत कुपोषण होत नाही. वाहिन्या पाझरल्यामुळे अल्ब्युमिन रक्तातून ऊतींमध्ये गेलेलं असतं. सलाइनमुळे रक्तही थोडं पातळ झालेलं असतं. दाह ओसरला, खाणं सुरू झालं की ते वर येतं. महागडी अल्ब्युमिनची बाटली नुसता रिपोर्ट सुधारते. तसंच मधुमेह नसलेल्या माणसाची साखर पहिल्या दोन दिवसांत 180-200 दाखवते, तेव्हा ‘बाबांना शुगर लागली’ असं घरभर सांगत सुटू नका. मधुमेह आधीपासून असेल तर मात्र साखर काटेकोर सांभाळावी लागते.

छेद, वायू आणि आतलं काम

ओपनमध्ये छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंत साधारण 15 ते 20 सेंटिमीटरचा छेद जातो आणि रिट्रॅक्टरनी पोटाची भिंत तीन-चार तास ताणून धरलेली असते. रोबोटमध्ये 8 मिलिमीटरची चारेक छिद्रं, सहायकासाठी एक थोडं मोठं आणि शेवटी जठर बाहेर काढायला चार-पाच सेंटिमीटरचा छेद. भिंतीची इजा कमी, म्हणून दुखणं कमी. दुखणं कमी, म्हणून खोल श्वास घेता येतो आणि छातीत कफ साठून न्यूमोनिया होण्याची भीती उतरते. हे साधं गणित आहे आणि ते दुर्बीण व रोबोट दोघांनाही सारखंच लागू होतं.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. दोन्ही पद्धतींत पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवतात, साधारण 10 ते 12 मिलिमीटर पारा इतक्या दाबानं. पोटातल्या आवरणाचा पृष्ठभाग या वायूमुळे तात्पुरता आम्लधर्मी होतो आणि तिथल्या मॅक्रोफेज पेशी कमी टीएनएफ सोडतात. प्रयोगशाळेत हा परिणाम 1990च्या दशकातच दिसला होता. ओपनमध्ये उघड्या पोटात खोलीतली हवा जाते, ऊती कोरड्या पडतात, तापमान उतरतं, आतडी हातानं बाजूला सारली जातात. या सगळ्याचा हिशोब शेवटी इंटरल्यूकिन-6 मध्ये दिसतो.

पण आतलं काम मात्र तेच असतं. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये जठराचा दोन-तृतीयांश किंवा सगळा भाग काढतात, त्याच्या भोवतीच्या आणि मुख्य रक्तवाहिन्यांलगतच्या लिम्फच्या गाठी काढतात (याला ‘डी-2’ म्हणतात) आणि उरलेल्या भागाला लहान आतडं जोडतात. हे काम पोटाच्या भिंतीच्या जखमेपेक्षा कितीतरी मोठं आहे. त्यामुळे रोबोट वापरला म्हणून दाह होतच नाही, असं नाही. सुरळीत गेलेल्या रोबोटिक ऑपरेशननंतरही तिसऱ्या दिवशी सीआरपी 80-100 मिलिग्रॅम प्रति लिटर दिसणं अगदी नेहमीचं आहे.

एका ठिकाणी तर छिद्रांतून केलेलं ऑपरेशन ओपनपेक्षा वाईट ठरतं. जठर यकृताच्या डाव्या भागाखाली दडलेलं असतं. छिद्रांतून काम करताना तो भाग तास न् तास रिट्रॅक्टरनं उचलून धरावा लागतो, वर वायूचा दाबही असतो. परिणाम असा की पहिल्या-दुसऱ्या दिवशी यकृताच्या तपासणीतले एसजीओटी-एसजीपीटी चांगलेच वाढलेले दिसतात, कधी तीन-चार पट. बहुतेक वेळा आठवड्याभरात ते आपोआप उतरतात. ‘लिव्हर गेलं’ म्हणून घाबरायचं कारण नाही. पण आधीच फॅटी लिव्हर असेल, तर सर्जननी मधूनमधून रिट्रॅक्टर सैल करावा ही अपेक्षा रास्त आहे.

मग रोबोटचा स्वतःचा वाटा कोणता?

स्वादुपिंड. माझ्या मते या सगळ्या चर्चेचं मर्म इथेच आहे आणि जाहिरातीत नेमकं तेच नसतं.

डी-2 करताना ज्या गाठी सर्वांत नाजूक ठिकाणी असतात, त्या स्वादुपिंडाच्या वरच्या कडेला, यकृताच्या आणि प्लीहेच्या धमनीलगत असतात. तिथे पोचायला स्वादुपिंड खाली दाबून धरावं लागतं. साध्या दुर्बिणीत उपकरणं सरळ असतात, मनगट नसतं. ती वरून तिरकी येतात आणि स्वादुपिंडाचा उंचवटा मध्ये आडवा येतो. मग सहायक गॉजचा तुकडा धरून त्याला खाली ढकलतो. स्वादुपिंड म्हणजे खरवसासारखं. बोटानं जरा जास्त दाबलं की वरून अखंड दिसतं, पण आत तडा गेलेला असतो. तिथून पाचकरस झिरपतो, आसपासच्या ऊती जळतात, त्यावर जंतू बसतात. ड्रेनमधलं (पोटात ठेवलेल्या नळीतलं) पाणी मातकट होतं, त्यातलं अमायलेज (स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य) हजारांत जातं आणि सीआरपी चौथ्या दिवशी उतरायचं सोडून चढतं. क्वचित शेजारची धमनी कुरतडली जाऊन रक्तस्राव होतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

रोबोटच्या उपकरणांना मनगट आहे. ती वळवून गाठींच्या मागे नेता येतात, स्वादुपिंडाला हात न लावता. हाताची थरथर गाळली जाते, हालचालीचं प्रमाण लहान करता येतं, कॅमेरा स्थिर असतो. उलट बाजूही सांगायला हवी. दा विंची या रोबोटच्या जुन्या मॉडेलांत सर्जनला स्पर्श कळत नाही; किती जोर लागतोय हे डोळ्यांनीच ओळखावं लागतं. दाबाची जाणीव देणारी उपकरणं 2024 मध्ये आलेल्या दा विंची 5 मध्ये आहेत, पण आपल्याकडे जिथे रोबोट आहे तिथे बहुधा आधीचं मॉडेल असतं. आणि हार्मोनिकसारखं कंपनांनी कापणारं उपकरण रोबोटवरही सरळच राहतं, त्याला मनगट नाही, वर त्याचं पातं काही सेकंद गरम राहतं. म्हणून जपानमधल्या फुजिता आरोग्य विद्यापीठाच्या इचिरो उयामांच्या गटानं दोन्ही हातांत बायपोलर (दोन टोकांमधल्या विजेनं कापणारी) उपकरणं घेऊन गाठी काढायची पद्धत रूढ केली. रोबोट तोच, पण कुठलं उपकरण स्वादुपिंडाजवळ नेलं यावर दाह बदलतो.

आता अभ्यास काय सांगतात ते पाहू, सोयीचे तेवढेच न निवडता.

कोरियात 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्रीय अभ्यासात 434 रुग्णांची तुलना झाली. रोबोटला सरासरी 221 मिनिटं लागली, दुर्बिणीला 178. गुंतागुंतीत फरक नाही, खर्च मात्र बराच जास्त. रोबोटवाल्यांसाठी हा थंड पाण्याचा हबका होता. पुढे उयामांच्या पुढाकारानं जपानमध्ये 330 रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात गंभीर गुंतागुंत 2.45 टक्के आढळली. आधीच्या दुर्बिणीच्या रुग्णांत ती 6.4 टक्के होती. एप्रिल 2018 पासून जपानच्या राष्ट्रीय विम्यात रोबोटिक जठरछेदन आलं. पण तुलना जुन्या नोंदींशी होती, हे लक्षात ठेवायचं.

त्यानंतर 2021 मध्ये चिठ्ठी काढून गट पाडलेल्या दोन चाचण्या आल्या. चीनमधल्या फूजियान इथे 300 रुग्ण घेतले होते. गुंतागुंत रोबोट गटात 9.2 टक्के, दुर्बिणीच्या गटात 17.6 टक्के आणि पांढऱ्या पेशी व सीआरपीची वाढही रोबोट गटात सौम्य होती. तुमच्या डॉक्टरांच्या बोलण्याचा उगम बहुधा इथेच आहे. जपानमधल्या वाकायामाच्या चाचणीत 241 रुग्ण होते. तिचा मूळ प्रश्न पोटातल्या जंतुसंसर्गाचा होता आणि त्यात काही फरक निघाला नाही. पण एकूण मध्यम-गंभीर गुंतागुंत 8.8 विरुद्ध 19.7 टक्के अशी रोबोटच्या बाजूनं कमी होती. म्हणजे मुख्य प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आणि दुय्यम प्रश्नाचं ‘हो’. असा निकाल आला की आपल्या सोयीचा भाग उचलायचा मोह सगळ्यांनाच होतो. मुख्य प्रश्न नीट तडीस लावण्यासाठी जपानच्या जेसीओजी या कॅन्सर-संशोधन गटानं मोठी बहुकेंद्रीय चाचणी हाती घेतली, तिचाही मापदंड पोटातला संसर्गच आहे.

या सगळ्यातून मी काढतो तो निष्कर्ष असा. गुंतागुंत न झालेले रुग्ण तेवढेच बाजूला काढले, तर रोबोट आणि दुर्बीण यांच्या सीआरपीतला फरक बारीक असतो; बिछान्यापाशी उभं राहून तो ओळखू येत नाही. सरासरी खाली येते ती मुख्यतः जोडातून होणारी गळती, स्वादुपिंडाचा झिरपा, न्यूमोनिया असले प्रकार कमी झाल्यामुळे. आणि रोबोटवर बसणारा सर्जन बहुतेकदा आधी शेकडो दुर्बिणीची ऑपरेशनं केलेला असतो, हेही त्या आकड्यांत मिसळलेलं आहे. दुर्बिणीत तयार झालेल्या सर्जनलाही रोबोटवर हात बसायला 20-25 ऑपरेशनं लागतात. त्या पहिल्या वीसात तुमचा नंबर लागला, तर जास्त वेळ, जास्त भूल, जास्त दाह.

आपल्या रुग्णांना हे जसंच्या तसं लागू होतं का?

पूर्ण नाही. कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी सरकारी कार्यक्रमातून होते, जपानमध्येही तपासणीची परंपरा जुनी आहे. त्यामुळे तिथले कॅन्सर लवकर सापडतात, माणसं सडपातळ असतात आणि बऱ्याच जणांना ऑपरेशनआधी केमो लागत नाही. आपल्याकडे रुग्ण येतो तो जेवण जाईनासं झाल्यावर, वजन आठ-दहा किलोनं उतरल्यावर, हिमोग्लोबिन आठावर आल्यावर. कॅन्सरची गाठ स्वतःच दाह पेटवत असते. सीआरपी ऑपरेशनआधीच 20-30 असू शकतं. त्यावर चार सायकल केमो झालेली, लिम्फच्या गाठींभोवती ऊती चिवट झालेल्या. अशा वेळी सुरुवातीचीच पातळी वर असते आणि ऑपरेशन कुठल्याही मार्गानं केलं तरी दाह जास्तच दिसतो.

एक तांत्रिक खोच आहे. फ्लॉटनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलेलं असेल, तर न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर (दाह जोखायचा आणखी एक आकडा) काही काळ फसवं असतं. इंटरनेटवर वाचून तो आकडा काढत बसू नका.

युरोपातला अनुभवही उपयोगी आहे. नेदरलँड्समधल्या दहा रुग्णालयांत 227 रुग्णांवर ओपन आणि दुर्बीण यांची तुलना झाली. दुर्बिणीत रक्त कमी गेलं, पण रुग्णालयातला मुक्काम दोन्हीकडे सात दिवस. कारण दोन्ही गटांना तीच आधुनिक काळजी मिळत होती: लवकर चालवणं, लवकर खायला देणं, नळ्या कमी. डेन्मार्कचे हेन्रिक केलेट 1990च्या दशकापासून हेच सांगत आले, की ऑपरेशनचा ताण अनेक बाजूंनी कमी करायचा असतो, छेद ही त्यातली एकच बाजू. म्हणून ज्या रुग्णालयात ओपन करूनही दुसऱ्या दिवशी रुग्णाला चालवतात, ते मला अशा रोबोटवाल्या रुग्णालयापेक्षा बरं वाटतं, जिथे रुग्ण पाच दिवस नाकात नळी घालून पडून असतो.

सीआरपी आणि कॅन्सर परतणं

ओसाकामधल्या एका अभ्यासात जठराच्या ऑपरेशननंतर सीआरपीचं शिखर 12 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलेल्या रुग्णांत कॅन्सर परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं. प्रयोगशाळेत पाहिलं तर तीव्र दाहात कॅन्सरपेशी मारणाऱ्या एनके पेशी मंदावतात, लिम्फोसाइट घटतात आणि रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरपेशींना रुजायला वाव मिळू शकतो. तर्क सुसंगत आहे. पण ज्याची गाठ मोठी, त्याचं ऑपरेशन मोठं, त्याचं सीआरपी जास्त आणि त्याचाच कॅन्सर परतण्याची शक्यता जास्त, ही साखळीही तितकीच खरी आहे. आकडा खाली आणला म्हणून आयुष्य वाढतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. नाहीतर डेक्सामेथासोनचं एक इंजेक्शन पुरलं असतं! भूल देताना उलटी होऊ नये म्हणून ते देतातच आणि त्यानं सीआरपी चांगलंच दबतं. (जखमेत जंतुसंसर्ग वाढतो का, या भीतीसाठी 8 मिलिग्रॅमच्या डोसवर मोठी चाचणी झाली, वाढत नाही असं 2021 मध्ये दिसलं.) दोन रुग्णालयांचे आकडे शेजारी ठेवताना म्हणूनच हात आखडता घ्यावा. एकीकडे स्टेरॉइड दिलेलं असतं, दुसरीकडे नसतं.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत खरा दुवा वेगळाच आहे आणि तो सरळ आहे. फ्लॉटच्या चार सायकल ऑपरेशनआधी आणि चार नंतर अशी योजना असते. ज्या मूळ चाचणीतून ही पद्धत रूढ झाली, तिच्यातही जवळपास निम्म्याच रुग्णांना आठही सायकल पूर्ण करता आल्या. ऑपरेशननंतर गळती झाली, महिनाभर ड्रेन राहिला, वजन आणखी पाच किलो उतरलं, की नंतरची केमो राहूनच जाते. सीआरपीच्या शिखरापेक्षा मला ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: माणूस सहा-आठ आठवड्यांत पुन्हा केमोच्या खुर्चीत बसण्याइतका उभा राहिला का?

आता हातात काय आहे ते बोलू

केमोनंतर ऑपरेशनपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे मिळतात. ते वाया घालवू नका. तंबाखू, बिडी, मिश्री आजच बंद. मिश्रीला आपल्याकडे कुणी तंबाखू मानतच नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर आणून दिवसातून चार-पाच वेळा फुंकायचा नाही, ओढायचा. निम्मे लोक उलटं करतात. रोज चालणं. वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत प्रथिन: अंडी, दही, मुगाचं धिरडं, मासे, जे चालेल ते, थोडं थोडं पण दर दोन तासांनी. लोह कमी असेल तर शिरेतून लोह आत्ताच द्यावं, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवावं लागणार नाही; बाहेरचं रक्त हेही प्रतिकारशक्तीला एक धक्काच असतं. खाणं फारच कमी असेल तर आहारतज्ज्ञ आर्जिनिन, ओमेगा-3 असलेली खास पेयं पाच-सात दिवस देतात. कुपोषित रुग्णांत त्यांनी संसर्ग कमी होतो. आदल्या रात्रीपासून कडकडीत उपाशी ठेवायची जुनी पद्धत बहुतेकांना लागू नाही, भूलतज्ज्ञांना विचारून दोन तास आधीपर्यंत साखरेचं पातळ पेय चालतं. मधुमेह असेल किंवा जठराची वाट अरुंद होऊन अन्न अडत असेल, तर मात्र त्यांचाच शब्द शेवटचा.

सर्जनना काय विचारायचं? ‘रोबोट चांगला का?’ असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. वर्षाला जठराच्या कॅन्सरची किती ऑपरेशनं करता, त्यातली रोबोटवर किती, गळती आणि स्वादुपिंडाचा झिरपा किती जणांत झाला, लिम्फच्या साधारण किती गाठी निघतात (निदान 16 तरी तपासायला मिळायला हव्यात, शक्यतो त्याहून बऱ्याच जास्त), आणि गरज पडली तर रात्री दोन वाजता सीटी स्कॅन व एंडोस्कोपी मिळते का, हे विचारा. जो माणूस आकडे न चिडता सांगतो, त्याच्याकडे ओपन असलं तरी मी पाठवीन. गाठ स्वादुपिंडाला किंवा आतड्याला चिकटलेली असेल, रक्तस्राव चालू असेल, तर ओपनच शहाणपणाचं असतं. तेव्हा ‘ओपन सांगितलं म्हणजे जुन्या वळणाचे’ असं समजू नका. पहिल्या सर्जननी ओपन का सुचवलं, हे आधी त्यांच्याकडून समजून घ्या.

ऑपरेशननंतर सीआरपी पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी केलं की पुरतं. एकाच लॅबमध्ये. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये लिहितात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. 124 आणि 12.4 ही एकच गोष्ट आहे. ‘12 होतं ते एका रात्रीत 110 झालं’ अशा घाबऱ्याघुबऱ्या फोनांमागे पुष्कळदा लॅब बदललेली असते. ‘एचएस-सीआरपी’ ही हृदयरोगाचा धोका पाहायची चाचणी आहे, ती इथे उपयोगाची नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी 150 च्या खाली आणि उतरता आकडा असेल, ताप नाही, नाडी नव्वदच्या आसपास, पोट मऊ, तर आत गळती असण्याची शक्यता फार कमी. त्या आकड्याचा खरा उपयोग हाच: धोका नाही हे सांगण्यासाठी तो विश्वासू, धोका आहे हे सांगण्यासाठी तितका नाही. तो 180-200 वर अडकला किंवा उतरून पुन्हा चढला, नाडी 110 च्या वर राहिली, डाव्या खांद्यात दुखायला लागलं, ड्रेनचा रंग बदलला, तर त्याच दिवशी सीटी मागा. जठर काढल्यावरची गळती बहुधा चौथ्या ते सातव्या दिवसात डोकं वर काढते आणि हल्ली पाचव्या-सहाव्या दिवशी घरी सोडायची घाई असते. घरी गेल्यावर थंडी वाजून ताप आला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका.

पैशांचं शेवटी. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या नियमांनुसार ऑक्टोबर 2020 पासून आरोग्य विमा कंपन्यांना रोबोटिक शस्त्रक्रिया सरसकट वगळता येत नाही, पण त्यावर वेगळी मर्यादा घालता येते आणि बऱ्याच पॉलिसींत ती असते. टीपीएकडून (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) पूर्वमंजुरी घेताना रोबोटिकसाठी किती रक्कम मिळणार, हे लेखी घ्या. वरचे दीड लाख खिशातून जाणार असतील आणि त्यासाठी नंतरच्या चार सायकलचे पैसे मोडावे लागणार असतील, तर निष्णात हाताचं दुर्बिणीचं किंवा ओपन ऑपरेशन करून घ्या आणि ते पैसे केमोसाठी ठेवा.